पॉवर बँक दर वारीला "जाते" का? दोष शोधण्याची आमच्या दिंडीतली रीत

आळंदीला प्रस्थानाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या दिंडीच्या ट्रकमागे एक सतरंजी अंथरतात. तिच्यावर एक्स्टेन्शन बोर्ड, चार्जर, वायरींचा गुंता आणि पॉवर बँका. तिथे दर वर्षी त्याच तक्रारी कानावर येतात. "माऊली, ही डबी गेली बघा." "गेल्या साली नवी घेतली होती, एकाच वारीत संपली." "रात्रभर लावली तरी दिवा एकच." आमच्यातली वयस्कर मंडळी पॉवर बँकेला डबीच म्हणतात, आणि आता माझ्याही तोंडात तोच शब्द बसलाय.

आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलो, म्हणून हे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं आणि राहिलं. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, जवळजवळ तीन आठवड्यांची वाट. बऱ्याच जणांच्या रक्तदाबाच्या गोळीचा गजर फोनमध्ये असतो. रात्री मुलाचा, लेकीचा फोन यायचा असतो. गर्दीत चुकामूक झाली तर दिंडीचालकांचा नंबर फोनमध्येच असतो, पाठ कुणाला नसतो. अशा माणसाचा फोन बंद पडला की जीव घाबरा होतो, हे मी जवळून पाहिलंय. म्हणून इतक्या वर्षांत जे कळलं ते सविस्तर लिहून ठेवतोय.

"गेली" म्हणून सतरंजीवर आलेल्या डब्यांपैकी निम्म्याहून जास्त ठणठणीत निघतात. दोष वायरीत असतो, अॅडॉप्टरमध्ये असतो, फोनच्या खाचेत असतो, किंवा खोक्यावरच्या आकड्याचा अर्थ चुकीचा लावलेला असतो. आणि ज्या खरंच मेल्या आहेत, त्यातल्या बहुतेक घरच्या कपाटात मेल्यात, गेल्या आषाढीपासून या ज्येष्ठापर्यंतच्या अकरा महिन्यांत. त्याबद्दल शेवटी लिहिलंय. वर्षातून एकदाच डबी बाहेर काढणाऱ्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी तेवढं वाचावं.

एका वेळी एकच गोष्ट बदला

अॅडॉप्टर, वायर, डबी, फोन. चौघांपैकी एकाने दगा दिला की चार्जिंग थांबतं आणि नाव मात्र डबीचं येतं. घाईत माणूस वायरही बदलतो, प्लगही बदलतो, फोनही दुसरा लावतो. मग चालू झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही, आणि वाईट वायर पुन्हा पिशवीत जाते.

माझ्याकडे एक अॅडॉप्टर आणि दोन वायरी कायम बाजूला असतात. त्यांना लाल दोरा बांधलाय. त्या चांगल्या आहेत याची मला खात्री आहे, म्हणून त्या कुणालाही वापरायला देत नाही, अगदी महाराजांनाही नाही. तक्रार आली की आधी फक्त वायर बदलतो आणि दोन मिनिटं थांबतो. फरक नाही पडला तर वायर परत जुनी, आणि अॅडॉप्टर माझा. तरीही नाही, तर त्याच डबीवर दुसऱ्याचा फोन. इतकंच. पहिल्याच पायरीला बरीच प्रकरणं मिटतात.

वायर वरून धडधाकट दिसते आणि आतून तुटलेली असते, बहुधा पिनेच्या मानेपाशी, जिथे ती पिशवीत रोज दुमडली जाते. विशिष्ट कोनात धरली तरच चार्जिंग होत असेल तर ती टाकून द्या, चिकटपट्टी गुंडाळून वारी निघत नाही. दुसरा प्रकार जास्त फसवा: स्वस्त, लांब आणि पातळ वायर. आतली तार इतकी बारीक असते की २ अँपिअर करंटला अर्धा व्होल्ट वाटेतच गळतो. मग फोन स्वतःहून करंट कमी घेतो. चिन्ह "चार्ज होतंय" असंच दाखवतं, पण तासाभरात पाच-सात टक्केच वाढतात. वारीसाठी वायर हातभर लांबीची आणि जाड घ्या.

बोटाएवढा यूएसबी मीटर काही शे रुपयांत मिळतो. तो वायर आणि डबीच्या मध्ये लावला की व्होल्ट, अँपिअर आणि आतापर्यंत किती वीज गेली हे आकड्यात दिसतं. आमच्या दिंडीत तो आल्यापासून अंदाजपंचे बोलणं थांबलं. दहा-वीस माणसांच्या गटात असा एक मीटर असावाच.

रात्रभर लावली, तरी दिवा एकच

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, आणि हिच्यात डबीचा दोष क्वचितच असतो.

खोक्यावरचा एमएएच म्हणजे मिलीअँपिअर-तास, साठ्याचं माप. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-तास, त्याला आतल्या सेलच्या (बॅटरीच्या) ३.७ व्होल्टने गुणलं की ७४ वॉट-अवर वीज. जुन्या फोनबरोबर आलेला ५ व्होल्ट, १ अँपिअरचा चार्जर ताशी ५ वॉट-अवर देतो. भरताना थोडी वीज उष्णतेत जाते, ती धरली तर डबी पूर्ण भरायला १७-१८ तास लागतात. ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर घेतला तरी नऊ-दहा तास. आता वारीतली रात्र आठवा. तळावर पोहोचायला संध्याकाळ, समाजआरती, जेवणं, मग बोर्डाजवळ जागा मिळणार, आणि आमचा जनरेटर अकराला बंद होतो. हाती येतात चार तास. २ अँपिअरच्या चार्जरवर चार तासांत ३४ वॉट-अवर आत जातात, म्हणजे २०,००० ची डबी निम्मीसुद्धा भरत नाही. किती भरली ते दाखवणाऱ्या चार दिव्यांपैकी पुरते दोनही नाहीत. तक्रार खरी आहे, पण डबीने काही वावगं केलेलं नाही.

त्याच चार तासांत १०,००० ची डबी, म्हणजे ३७ वॉट-अवर, जवळजवळ भरून निघते. म्हणून माझा आग्रह असतो: वारीला एक मोठी डबी आणू नका, १०,००० च्या दोन आणा. एक चार्जिंगला, एक खांद्यावरच्या पिशवीत. एक बिघडली तरी दुसरी आहे. मोठी डबी पुण्यातल्या दोन मुक्कामांत भरून निघेल, पुढे वाल्हे, तरडगाव, बरड अशा ठिकाणी ती कधीच पुरी भरत नाही. डबी जलद चार्जिंग घेणारी असेल आणि १८ वॉटचा अॅडॉप्टर असेल तर वेळ निम्म्यावर येतो. मात्र डबी आणि अॅडॉप्टर दोघांनाही ते जमायला हवं. एकट्या अॅडॉप्टरवर मोठा आकडा असून भागत नाही.

इथेच आणखी एक सापळा आहे. सहा खाचांचा एकच चार्जर बोर्डात लावतात आणि सहा डब्या जोडतात. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत एकूण क्षमता लिहिलेली असते, समजा ३० वॉट. ती सहा जणांत वाटली जाते, प्रत्येकाला ५. सकाळी सहाही जण नाराज. आम्ही आता पाळी लावतो: आधी तीन, दोन तासांनी पुढच्या तीन. लॅपटॉपच्या खाचेतून डबी भरायचा प्रयत्न तर करूच नका, जुन्या यूएसबी खाचेतून अर्धा अँपिअरच मिळतो.

जनरेटरवर व्होल्टेज खालीवर होतं. ज्या अॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय आणि जो वजनाला अगदीच पोकळ लागत नाही, तो सहसा तग धरतो. वाटेत पन्नास रुपयांना घेतलेले अॅडॉप्टर आमच्याकडे सगळ्यात आधी जळालेत.

"वीस हजार लिहिलंय, मग पाच हजारांचा फोन चार वेळा का भरत नाही?"

हिशेब सरळ वाटतो, म्हणून फसवला गेल्यासारखं वाटतं. खोक्यावरचा २०,००० हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा. फोनला मात्र वीज ५ व्होल्टने द्यावी लागते. व्होल्ट वाढवणारं सर्किट साधारण १५ टक्के वीज स्वतः खातं. ७४ पैकी ६३ वॉट-अवर बाहेर येतात. ५ व्होल्टच्या हिशेबात ते होतात १२,६०० एमएएच. चांगल्या कंपन्या हा दुसरा आकडा डबीच्या पाठीवर लिहितात, फार बारीक अक्षरात. विकत घेताना तो शोधा.

पुढे फोनची बाजू. ५,००० एमएएचची बॅटरी शून्यापासून पूर्ण भरायला फोन बाहेरून साधारण २२ वॉट-अवर ओढतो. ६३ भागिले २२, म्हणजे पावणेतीन वेळा. फोन चालू ठेवून, मध्ये व्हिडिओ बघत भरला तर अडीच. १०,००० च्या डबीवर सव्वा ते दीड वेळा. एवढं मिळत असेल तर डबी उत्तम आहे, निर्धास्त वापरा. तीन वर्षं रोज वापरलेली डबी याच्या पाऊण पट देईल, तेही ठीक. लिथियमचा सेल काहीशे वेळा भरून रिकामा झाला की धारणा कमी होतेच. पण नवी २०,००० ची डबी फोन एकदाच भरून थकत असेल तर गडबड आहे.

ती गडबड ओळखायला किराणा दुकानातला वजनकाटा पुरतो. फलटणला एका काकांनी "५०,००० एमएएच" छापलेली डबी आणली होती, स्टँडबाहेरच्या हातगाडीवरून स्वस्तात घेतलेली. जवळच्या दुकानात काट्यावर ठेवली: २३० ग्रॅम. पॉवर बँकेत जो १८६५० नावाचा गोल सेल असतो, तो ४५ ग्रॅमहून थोडा जास्त भरतो आणि चांगल्यात चांगला ३,५०० एमएएचचा असतो. ५०,००० साठी असे १५ सेल लागतील, नुसत्या सेलचं वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. चपटे पॉलिमर सेल घेतले तरी यात फार सूट मिळत नाही. रात्री मीटर लावून पाहिलं, डबी ३,१०० एमएएच देऊन विझली. काकांना सांगताना मलाच वाईट वाटलं. ते पैसे त्यांनी वारीसाठी बाजूला ठेवलेले होते.

१०,००० ची खरी डबी २०० ग्रॅमच्या आसपास भरते, २०,००० ची ३५० ते ४५०. हलकी डबी नक्की खोटी. जड डबी खरीच असेल असं मात्र म्हणता येत नाही, कारण वजन भरायला आत वाळू नाहीतर लोखंडाचा तुकडा कोंबलेल्या नकली डब्याही निघाल्यात.

भारतात पॉवर बँकेला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. डबीवर मानकाचं चिन्ह आणि "आर-" पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या अॅपमध्ये टाकला की कुणाच्या नावावर, कुठल्या वस्तूसाठी आहे ते दिसतं. चार्जरचा क्रमांक पॉवर बँकेवर छापलेला मी स्वतः पाहिलाय. ही नोंदणी सुरक्षिततेच्या चाचणीची आहे. आकडा खरा असल्याची हमी तिच्यात नाही, ती काट्यावर आणि मीटरवरच मिळते. डबीवर वॉट-अवर छापलेले आहेत का तेही पाहा. बंगळूरहून विमानाने येणाऱ्या आमच्या एका माऊलींना तपासणीत तोच आकडा विचारला गेला. डबी चेक-इनच्या सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेत १०० वॉट-अवरपर्यंत चालते.

आपोआप बंद होते, किंवा उलटंच चालतं

एका आजींचं कानाचं यंत्र चार्जिंगचं आहे. डबीला लावलं की अर्ध्या मिनिटात डबी बंद. त्यांनी दोन डब्या बदलल्या, दोन्ही तशाच. कारण असं, की जोडलेली वस्तू फार थोडा करंट घेत असेल, साधारण ५० ते १०० मिलीअँपिअरच्या खाली, तर पुष्कळ डब्या समजतात की काहीच जोडलेलं नाही, आणि स्वतःला बंद करतात. कानाचं यंत्र, कानात घालायचे हेडफोन, मनगटी घड्याळ, छोटा एलईडी दिवा, सगळ्यांच्या बाबतीत हे होतं. काही डब्यांत यासाठी वेगळी सोय असते: बटण दोनदा दाबायचं किंवा दोन-तीन सेकंद दाबून धरायचं, दिव्याचा रंग बदलतो. तुमच्या डबीत ती आहे का हे माहितीपत्रकात मिळेल. नसेल तर दुसऱ्या खाचेत शेजारी एखादा फोन लावा, डबी जागी राहते. आजींचं यंत्र आता माझ्या फोनच्या सोबतीने भरतं.

दोन्हीकडे टाइप-सी असलेली वायर लावली आणि फोन भरण्याऐवजी उतरायला लागला, हे ऐकून लोकांना पटत नाही. पण होतं खरं. ज्या खाचेतून वीज आतही जाते आणि बाहेरही येते, तिथे देणारा कोण आणि घेणारा कोण हे दोन्ही यंत्रं आपसात ठरवतात, आणि कधी कधी उलटं ठरतं. वायर काढून परत लावा, आधी डबीचं बटण दाबून मग फोन जोडा. तरीही तेच, तर डबीच्या चौकोनी जुन्या खाचेतून टाइप-सीकडे जाणारी वायर वापरा, तिच्यात हा गोंधळ होत नाही.

वायर चिमटली, पिनेला नाणं टेकलं, तर डबी स्वतःला कुलूप लावते. बटण दाबून दिवा लागत नाही. तिला दोन मिनिटं चार्जरला जोडलं की बहुधा उघडते.

दिवे घाटानंतरच्या तक्रारी

पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात लांब. त्या संध्याकाळी सतरंजी भरून जाते, आणि त्यातली निम्मी दुखणी फोनची असतात.

लाखो माणसं, तेवढेच फोन, घाटातला जेमतेम सिग्नल. सिग्नल कमजोर असला की फोन टॉवर धरून ठेवण्यासाठी जास्त ताकद लावतो आणि बॅटरी भराभर उतरते. त्यात घाटाचे फोटो, पालखीचा व्हिडिओ. चालताना फोन विमान मोडवर ठेवला आणि विसाव्याला उघडला तर दिवसभराची बॅटरी पुरते, मी स्वतः करतो. घरच्यांना फोन करायची वेळ ठरवून सांगितली की त्यांनाही काळजी लागत नाही.

पाऊस झाला की "खाचेत ओलावा आहे" अशी सूचना देऊन काही फोन चार्जिंग घेत नाहीत. ते बरोबरच करतात. फोन खाच खाली करून तळव्यावर हलकेच आपटा आणि हवेशीर जागी ठेवा. तांदळात पुरू नका, तांदळाचे कण आणि पीठ खाचेत जातं. फुंकर मारली तर वाफ आत जाते. ओल्या खाचेत जबरदस्तीने वायर खुपसली तर पिना काळ्या पडतात, मग फोन घरी जाईपर्यंत बरा होत नाही.

आणि बुक्का. खिशातली धूळ, कापडाचे तंतू आणि बुक्का खाचेच्या तळाशी दाबून बसतात, वायर पुरती आत जात नाही, जरा हललं की सुटते. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हळू उकरलं की राखाडी गोळी बाहेर येते. सुई, टाचणी वापरू नका. ही एक दातकोरणी मी पिशवीत ठेवतो, तिने वाचवलेल्या फोनांची गणती नाही.

उन्हात चालताना फोन आणि डबी एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार्ज करणंही टाळा. दोघं तापतात, आतली गरमी बाहेर जात नाही, आणि ठरावीक तापमानापुढे फोन चार्जिंग थांबवतो. ४५ अंशांच्या वर लिथियमचा सेल भरणं त्याच्या आयुष्यावर उठतं. पावसासाठी प्लास्टिक हवंच, पण चार्जिंग विसाव्याला, सावलीत, पिशवीबाहेर.

फुगलेली डबी

इथे दोष शोधायचा नाही, दुरुस्ती करायची नाही, "अजून दोन दिवस चालेल" म्हणायचं नाही. डबी सपाट जमिनीवर ठेवून डोलत असेल, सांधा उकलला असेल, गोडसर रसायनाचा वास येत असेल, काही न जोडताही गरम लागत असेल, तर ती संपली. आतला द्रव विघटित होऊन वायू साठलाय. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका.

आम्ही अशी डबी कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो, झाकण सैल, राहुट्यांपासून लांब. मग पुढच्या मोठ्या गावी ई-कचरा घेणाऱ्याकडे देतो. घंटागाडीत किंवा उकिरड्यावर टाकत नाही, कारण तिथे ती चिरडली की पेट घेते आणि कचरा वेचणाऱ्या माणसाचे हात भाजतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि आपल्यावरही ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवण्याची.

नावाजलेली कंपनी आहे म्हणून गाफील राहू नका. जून २०२५ मध्ये अँकरने अमेरिकेत विकलेल्या पॉवरकोअर १०००० या पॉवर बँका, मॉडेल ए१२६३, आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या. आकडा होता ११ लाखांहून अधिक. परतीची सूचना निघाली की मॉडेल क्रमांक पाहावा लागतो, म्हणून डबीवरचा कागद खरवडून टाकू नका.

आमच्या ट्रकमध्ये गॅसच्या टाक्या असतात, राहुटीत गवत, सतरंज्या, कापड. म्हणून चार्जिंगची सतरंजी ट्रकच्या आत नाही, मागे मोकळ्यावर. उशीखाली डबी ठेवून फोन लावून झोपायला आम्ही कुणालाच देत नाही, कितीही जवळचं माणूस असो. डबीने धूर सोडलाच तर आधी बोर्डाचा स्विच बंद, माणसं लांब, आणि लांबूनच भरपूर पाणी. पाण्याने सेल थंड होतात. धूर विषारी असतो, वाकून बघायला जायचं नाही. शेजारी भरलेली बादली असल्याशिवाय आम्ही बोर्ड चालू करत नाही.

आषाढी ते ज्येष्ठ

आता कपाटाकडे वळतो.

पंढरपूरहून परतल्यावर डबी बहुधा रिकामीच असते. तशीच ती कपाटात जाते आणि पुढच्या वारीला निघताना बाहेर येते. लिथियमचा सेल नुसता ठेवला तरी हळूहळू उतरतो, आणि डबीचं सर्किट जागं राहायला त्यातूनच घोटभर पीत राहतं. भरलेली डबी हे अकरा महिने सोसते, रिकामी नाही. सेल फारच खाली उतरून बराच काळ तसाच राहिला की आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. सेल कायमचा अधू होतो.

अशी डबी आळंदीला हाती आली तर मी तिला जलद चार्जरला लावत नाही. ५ व्होल्ट, १ अँपिअरचा साधा चार्जर, दिवसाउजेडी, समोर बसून. सेल फार उतरलेला असेल तर सर्किट सुरुवातीला अगदी बारीक करंट देतं, त्यामुळे अर्धा-एक तास काहीच घडत नाहीये असं वाटतं. दर दहा मिनिटांनी हात लावून पाहतो. तासाभरात पहिला दिवा लुकलुकला आणि डबी कोमटच राहिली तर जगली. तापली तर लगेच काढतो. दोन तासांत दिवाच नाही, तर सोडून देतो. सेल उघडून त्याला थेट वीज देऊन "उठवायचे" व्हिडिओ फिरतात, ते करू नका. विरघळलेलं तांबं आतल्या आत पूल बांधतं, आणि उठलेली डबी नंतर कधी पेटेल ते सांगता येत नाही.

डबी ठेवायची तर चारपैकी दोन-तीन दिवे असताना ठेवा. पुरी भरून नको, रिकामी तर नकोच. पत्र्याखालच्या माळ्यावर नको. आमच्या माण-खटावकडे चैत्र-वैशाखात तिथे हात ठेववत नाही. खालच्या कप्प्यात, कोरड्या जागी, वायर काढून. आणि तीन महिन्यांनी एकदा तिला दोन-तीन दिव्यांपर्यंत आणा. तारखा कुणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी सण सांगतो: कोजागिरी, संक्रांत, गुढीपाडवा. आषाढीपासून पुढच्या ज्येष्ठापर्यंतचं वर्ष या तिघांनी जवळजवळ सारखं वाटलं जातं. डबीवर चिकटपट्टी लावून त्यावर सणाचं नाव पेनाने लिहायचं, जुनं खोडून नवं.

निघण्याच्या आठ दिवस आधी डबी पूर्ण भरून घरीच फोन किती वेळा भरतो ते मोजा. कमी पडली तर दुसरी आणायला वेळ असतो. आळंदीच्या गर्दीत घाईने घेतलेली डबी कशी निघते ते फलटणच्या काकांना विचारा.

कानाच्या यंत्राच्या त्या आजींची डबी सलग दोन वर्षं कपाटात मेली होती. तिसरी घेतली तेव्हा चिकटपट्टी मीच लावून दिली. गेल्या संक्रांतीला संध्याकाळी त्यांचा फोन आला. तिळगूळ घ्या म्हणाल्या, मग विचारलं, "माऊली, तीन दिवे लागलेत. आता काढू का?"